डोंगरावर रोखलेल्या तोफा

तोफ म्हटली की रणांगण डोळ्यांसमोर येते. ती किल्ल्याच्या बुरुजावर, देशाच्या सीमेवर किंवा आरमारी जहाजावर असावयाची, आणि तिचे तोंड शत्रूकडे असावयाचे, अशी सर्वांची समजूत असते. परंतु कॅनडा देशाच्या पश्चिम भागात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सेलकर्क पर्वतात एक खिंड अशी आहे, की जेथे हिवाळ्यात सैन्याच्या तोफा महामार्गाच्या कडेला येऊन उभ्या राहतात आणि त्यांचा रोख असतो समोरच्या निर्मनुष्य डोंगराकडे. गोलंदाज खरे असतात, दारूगोळा खरा असतो. फक्त शत्रूचे सैन्य कोठेच नसते. गोळा सुटतो. काही सेकंदांनी शिखराखालच्या पांढऱ्या उतारावर एक काळसर ठिपका उमटतो. त्यामागून स्फोटाचा आवाज दरीत घुमत येतो. आणि मग कधी कधी तो सबंध उतारच जागचा हलतो, धुरासारखे पांढरे लोट उठवीत खाली धावू लागतो आणि तळाशी येऊन विसावतो. या खिंडीचे नाव रॉजर्स खिंड. डोंगरावरील हिम आपल्या मनाने केव्हा तरी कोसळणार, त्याआधी माणसाने ठरविलेल्या वेळी ते खाली पाडावयाचे, हे त्या तोफांचे काम.

डोंगरउतारावरून हिमाची प्रचंड रास अकस्मात सुटून खाली येते, तिला हिमलोट म्हणतात. महाराष्ट्रातील मुलांनी गारांचा पाऊस पाहिलेला असतो. पण गारा तासाभरात वितळून जातात. थंड प्रदेशातील हिमाचे तसे नाही. ते पिंजलेल्या कापसासारखे हलके भुरभुर पडते आणि पडले की महिनोन् महिने तेथेच राहते. एका वर्षावावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थरावर थर साचत जातात. रॉजर्स खिंडीत एका हिवाळ्यात सरासरी १० मीटरांच्या आसपास हिम पडते. ते दबून दबून घट्ट होत असल्यामुळे एवढी उंच रास एका वेळी दिसत नाही, हे खरे. तरीही डोंगरावर साचलेल्या त्या भाराची कल्पना त्यावरून यावी.

हे सर्व थर सारखे नसतात, आणि संकटाचे मूळ तेथेच आहे. एखादा थर वाऱ्याने ठोकून ठोकून फळीसारखा कठीण केलेला असतो, तर एखादा साखरेच्या दाण्यांसारखा भुसभुशीत असतो. कडाक्याच्या थंडीत, निरभ्र रात्री हिमाच्या पृष्ठभागावर पिसांच्या आकाराचे नाजूक स्फटिक उगवतात. सकाळच्या उन्हात ते असे काही चमचमतात की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. परंतु पुढच्या वादळाचे हिम त्यांच्यावर पडले, म्हणजे ते स्फटिक गाडले जातात आणि दोन थरांच्या मध्ये एक अत्यंत दुबळा पापुद्रा तयार होतो. वरून पाहणाऱ्याला त्याची काहीच खूण दिसत नाही.

हे समजण्यासाठी घरी एक प्रयोग करता येईल. एका तिरप्या फळीवर मोहरीचे दाणे पसरावे, त्यांवर दगडी पाटी ठेवावी आणि तिची वरची कड बोटांनी धरून ठेवावी. पाटी स्थिर दिसते. पण ती फळीला चिकटलेली नसते. केवळ बोटांच्या आधारावर असते. बोटे सोडताच ती सरकन खाली येते. डोंगरावरचा कठीण थर हा पाटीसारखा, गाडलेले स्फटिक मोहरीसारखे आणि आजूबाजूचे हिम हे बोटांसारखे. दुबळ्या थरात एके ठिकाणी तडा गेला, की तो पाहता पाहता दूरवर पसरतो, वरची कड फाटते आणि फर्लांगभर रुंदीचा थरसुद्धा एकदम सुटतो. उतार ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असेल तर हा धोका सर्वांत अधिक. त्याहून सपाट जागी हिम सहसा घसरत नाही, आणि अगदी उभ्या कड्यावर ते साचतच नाही. पडेल तसे थोडे थोडे गळून जाते. शिवाय वारा शिखराच्या एका बाजूचे हिम उडवून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो. त्यामुळे हिम पडणे थांबले, आकाश निवळले, तरी आडोशाच्या उतारावरील भार वाढतच असतो.

सुटलेला कोरडा हिमलोट ताशी २०० किलोमीटरांहूनही अधिक वेगाने धावू शकतो. त्याच्यापुढे हवेचा झोत चालतो. मोठमोठी झाडे त्याने काडीसारखी मोडतात. खाली येऊन थांबला, की तेच भुसभुशीत हिम घट्ट आवळून बसते. त्यात सापडलेल्या माणसाला हातसुद्धा हलविता येत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली माणसे बहुधा वाचतात. त्यानंतर आशा फार झपाट्याने मावळते.

मोठ्याने ओरडल्यास हिमलोट कोसळतो, असे गोष्टींतून आणि चित्रपटांतून पुष्कळदा दाखविले जाते. ते खरे नाही. माणसाच्या आवाजाने हवेवर पडणारा दाब इतका अल्प असतो, की त्याने गाडलेला थर मोडत नाही. त्या उतारावरून चालणाऱ्या एका माणसाचे वजन मात्र तो थर मोडू शकते. तोफेचे कार्यही आवाजाने होत नाही. दूर रस्त्यावर तोफ धडाडली म्हणून हिम सुटत नाही. गोळा प्रत्यक्ष त्या उतारावर जाऊन फुटावा लागतो. त्याच्या स्फोटाचा दणका हिमावर बसतो, थर दबतो, दुबळ्या पापुद्र्याला तडा जातो आणि मग बाकीचे काम डोंगराचा उतारच करतो. १५ किलोग्रॅमांच्या आसपास वजन असलेला एक गोळा हजारो टन हिम हलवितो, तो स्वतःच्या बळाने नव्हे. ते हिम पडावयाच्या बेतातच असते म्हणून.

ही गोष्ट माणसाला कळण्यापूर्वी रॉजर्स खिंडीने पुष्कळ बळी घेतले. मेजर रॉजर्स या लोहमार्गाच्या पाहणी-अधिकाऱ्याने १८८१ साली ही वाट शोधून काढली, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. चारच वर्षांनी, १८८५ साली, कॅनडाच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी आगगाडी या खिंडीतून धावू लागली. अभियंत्यांनी हिमलोटाच्या वाटांवर भक्कम लाकडी मांडव उभारले, म्हणजे वरून येणारे हिम मांडवावरून निघून जावे आणि गाडी खालून सुखरूप जावी. तथापि सगळा मार्ग काही झाकता येत नव्हता. पहिल्या पंचवीस वर्षांत या खिंडीत दोनशेंहून अधिक माणसे हिमाखाली मेली.

त्यांतील सर्वांत भयंकर रात्र ४ मार्च १९१० ची. त्या दिवशी चीऑप्स नावाच्या डोंगरावरून एक हिमलोट येऊन रुळांवर पसरला होता. तो दूर करण्यासाठी एक इंजिन, हिम उडविणारे फिरत्या पात्यांचे यंत्र आणि फावडी घेतलेले मजूर पाठविण्यात आले. हिमात झाडांचे बुंधे आणि दगड मिसळलेले असल्यामुळे यंत्राच्या पुढे माणसांनाच खणावे लागत होते. रात्री साडेअकराच्या सुमारास ती माणसे दोन्ही बाजूंना हिमाच्या भिंती असलेल्या खोल चरात काम करीत होती. इतक्यात दुसऱ्या बाजूच्या डोंगरावरून आणखी एक हिमलोट आला. अवजड यंत्र उचलून बाजूला फेकले गेले. ५८ माणसे जागच्या जागी गाडली गेली. त्यांतील ३२ जपानमधून पोटासाठी आलेले मजूर होते. इंजिनावरचा एक आगवाला पुढे आलेल्या हवेच्या झोताने दूर फेकला गेला आणि जखमी होऊन वाचला. रेव्हलस्टोक गावातील लोक बातमी कळताच फावडी घेऊन धावले. परंतु त्यांच्या हाती प्रेतेच लागली.

या घटनेत एक गोष्ट मोठी विचार करण्याजोगी आहे. पहिला हिमलोट ज्या डोंगरावरून आला, त्याच्या त्या उतारावरील भार उतरला होता. धोका होता तो समोरच्या डोंगराचा. त्यावरही तेच वादळ, तेच हिम, तेच वारे. परंतु तो उतार भरला आहे की नाही, सुटणार असेल तर आता की उद्या, हे जाणून घेण्याचे काहीच साधन त्या मजुरांपाशी किंवा त्यांच्या मुकादमांपाशी नव्हते.

त्यानंतर रेल्वे कंपनीने खिंडीचा नाद सोडला. डोंगराच्या पोटातून सुमारे ८ किलोमीटर लांबीचा कॉनॉट बोगदा खोदण्यात आला आणि १९१६ पासून गाड्या त्यातून जाऊ लागल्या. वरची वाट ओस पडली. कॅनडाचा पूर्व-पश्चिम महामार्ग बांधावयाचे ठरले, तेव्हा पुन्हा हीच खिंड सर्वांत सोयीची ठरली, आणि जुना प्रश्न नव्याने उभा राहिला: मोटारी आणि मालमोटारी बारा महिने येथून न्यावयाच्या कशा?

मधल्या काळात जगात इतरत्र तोफ आणि हिम यांची ओळख झालेली होती; ती प्रथम झाली युद्धात. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांची सैन्ये आल्प्स पर्वताच्या शिखरांवर समोरासमोर ठाकली होती. त्या लढाईत हजारो सैनिक शत्रूच्या गोळीने नव्हे, तर हिमलोटांखाली सापडून मेले. एकट्या १३ डिसेंबर १९१६ या दिवशी मार्मोलाडा पर्वतावरील सैनिकांच्या तळावर हिमलोट कोसळून शेकडो माणसे गाडली गेली. गोळ्याच्या दणक्याने हिम सुटते, हे तेथल्या गोलंदाजांच्या ध्यानात आले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये दाव्होस गावाच्या वरच्या डोंगरावर हिमाचा शास्त्रीय अभ्यास करणारी संस्था उभी राहिली, आणि रस्ते व लोहमार्ग यांच्या रक्षणासाठी उखळी तोफा वापरण्याची पद्धत त्या देशात रुजली. अमेरिकेत युटा राज्यातील आल्टा या ठिकाणी माँटगोमेरी ॲटवॉटर हा वनखात्याचा रक्षक हिमलोटांचा अभ्यास करीत असे. दुसऱ्या महायुद्धात तो पर्वतीय सैन्यात होता. डोंगराच्या कडेवर चढून हाताने सुरुंग टाकणे किती जिवावरचे काम आहे, हे त्याला अनुभवाने माहीत झाले होते. १९४९ साली त्याच्या प्रयत्नाने तेथे एक जुनी ७५ मिलिमीटर व्यासाची फ्रेंच तोफ आणण्यात आली. माणसाने धोक्याच्या जागी जाण्याऐवजी गोळ्याने जावे, एवढाच त्यामागील विचार; परंतु त्याने पुष्कळांचे प्राण वाचविले.

रॉजर्स खिंडीत हाच उपाय मोठ्या प्रमाणावर योजावयाचे ठरले. नोएल गार्डनर नावाचा उद्यानरक्षक १९५० नंतरच्या दशकात हिवाळेच्या हिवाळे तेथे राहून कोणता हिमलोट कोठून सुटतो आणि कोठवर येतो, याची नोंद करीत होता. पीटर शेरर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याची नेमणूक १९५७ साली या कामावर झाली. दोघांच्या पाहणीतून असे ठरले, की कोणताही एक उपाय पुरा पडणार नाही. जेथे हिमलोट वारंवार आणि थेट रस्त्यावर येतात, तेथे काँक्रीटची छते बांधावी. जेथे उताराखाली मोकळी जागा आहे, तेथे मातीचे उंचवटे रचून हिमाचा वेग मोडावा. बांध घालून काही प्रवाहांची दिशा बदलावी. आणि उरलेल्या वाटांसाठी तोफा ठेवाव्या. १९६१ पासून कॅनडाच्या सैन्याचे गोलंदाज या कामी येऊ लागले. ३ सप्टेंबर १९६२ रोजी खिंडीत समारंभ होऊन महामार्गाचे उद्घाटन झाले. ज्या पथकांनी हे काम पुढे सहा दशकांहून अधिक काळ चालविले, त्यांच्या नावात ‘अश्व तोफखाना’ असे शब्द आहेत. घोडे केव्हाच गेले. नाव मात्र तसेच राहिले आहे.

खिंडीच्या आसपासच्या सुमारे ४० किलोमीटर रस्त्यावर हिमलोटांच्या १३० हून अधिक वाटा उतरतात. त्या सर्वांवर एकाच जागेवरून मारा करता येणे शक्य नाही. म्हणून रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी तोफ उभी करण्याच्या जागा बांधून ठेवलेल्या आहेत. गाडीला जोडलेली तोफ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ओढून नेतात.

ही तोफ हॉवित्झर जातीची असते. तिच्या नळीचा व्यास १०५ मिलिमीटर. हॉवित्झरचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा जवळजवळ सरळ जात नाही. तो उंच कमान घेऊन जातो. खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३३० मीटर उंचीवर आहे आणि सभोवतालची शिखरे तिच्याहून हजार मीटरांपेक्षाही अधिक उंच आहेत, तेव्हा अशीच तोफ तेथे उपयोगी. पण खरी अडचण उंचीची नसते, दिसण्याची असते. हिमलोटाचा धोका वादळात सर्वांत अधिक. आणि वादळात, धुक्यात, रात्रीच्या काळोखात डोंगर दिसतच नाही. मग नेम धरावयाचा कशावर?

येथे गोलंदाजांची जुनी विद्या उपयोगी पडते. न दिसणाऱ्या लक्ष्यावर केवळ मोजमापाच्या आधारे गोळा टाकणे हे तोफखान्याचे नेहमीचेच कसब होय. नाशिकजवळ देवळाली येथे भारतीय तोफखान्याचे जे विद्यालय आहे, तेथेही ते शिकविले जाते. रॉजर्स खिंडीत हवा स्वच्छ असते अशा दिवशी प्रत्येक लक्ष्यावर गोळे टाकून पाहतात. तोफ कोणत्या जागी होती, नळीची दिशा किती अंशांवर होती, ती किती वर उचलली होती आणि गोळ्यामागे दारू किती भरली होती, हे सर्व आकडे वहीत नोंदवून ठेवतात. नंतर एखाद्या हिमवादळी रात्री हाताचा पंजाही दिसत नसला, तरी तोफ त्याच जागी उभी करून तेच आकडे लावले, की गोळा त्याच उतारावर जाऊन पडतो.

आकडे लावणे हे गोलंदाजाचे काम. परंतु कोणत्या उतारावर आणि केव्हा मारा करावयाचा, हे तो ठरवीत नाही. ते ठरवितो हिमाचा जाणकार. रस्त्यापासून उंचावर, माउंट फिडेलिटी नावाच्या डोंगरावर निरीक्षणाचे केंद्र आहे. तेथे आणि इतर ठाण्यांवर हिम किती पडले, तापमान किती, वारा कोणत्या बाजूने आणि किती वेगाने वाहत आहे, यांच्या नोंदी अहोरात्र होत असतात. जाणकार हिमात खड्डा खणतो आणि त्याच्या भिंतीत थर पाहतो. बोट खुपसून कोणता थर कठीण, कोणता मऊ याची परीक्षा करतो, भिंगातून स्फटिक न्याहाळतो, आणि हिमाचा एक खांब कापून त्यावर फावडे ठेवून थापट्या मारतो. किती थापट्यांनी तो खांब मोडतो, यावरून दुबळ्या थराचे बळ कळते. मारा फार लवकर केला, तर भार पुरेसा नसल्यामुळे हिम सुटत नाही आणि गोळा वाया जातो. फार उशीर केला, तर हिम आपोआप सुटून वाहत्या रस्त्यावर येते, किंवा सुटले तरी इतके मोठे सुटते की रस्ताच पुरून टाकते. त्यामुळे थोडे साचले की थोडे पाडावे, अशी रीत आहे.

मारा ठरला, म्हणजे रस्ता दोन्ही टोकांना बंद होतो. मालमोटारींच्या रांगा लागतात. चालकांना तासन्‌तास खोळंबून राहावे लागते आणि त्यांची चिडचिड होते, ती समजण्यासारखी आहे. बंद केलेल्या भागात एकही गाडी मागे राहिली नाही, याची खात्री करण्यासाठी अधिकारी सबंध रस्त्यावरून फिरून येतात. आगगाड्या थांबविल्या जातात. डोंगरात स्कीवरून भटकण्यासाठी येणारे लोकही पुष्कळ. ज्या उतारांवर गोळे पडावयाचे, तेथे त्यांना जाऊ दिले जात नाही. एवढे झाल्यावरच तोफेला बत्ती मिळते.

गोळा कोठे फुटावा, यालाही महत्त्व आहे. तो हिमात खोल घुसून फुटला, तर त्याची बरीचशी शक्ती खड्डा पाडण्यातच खर्च होते. पृष्ठभागावर किंवा त्याच्या थोडा वर फुटला, तर हवेचा दाब विस्तृत जागेवर बसतो आणि दुबळा थर मोडण्याची शक्यता वाढते. म्हणून गोळ्याच्या टोकाची कळ अशी बसविलेली असते, की हिमाचा स्पर्श होताच तो फुटावा. नेमही वाटेल तेथे धरून चालत नाही. उताराच्या वरच्या भागात, जेथे वाऱ्याने आणलेले हिम साचते आणि जेथून हिमलोट आजवर सुटत आलेले आहेत, त्या जागाच हेराव्या लागतात.

गोळा फुटल्यावर हिमलोट आला, तर प्रश्न सुटला. हिम रस्त्यावर आले असल्यास ते यंत्राने दूर करावयाचे आणि फाटक उघडावयाचे. कसोटी लागते ती काहीच आले नाही तेव्हा. उतार खरोखरच पक्का आहे म्हणून हिम सुटले नाही, की गोळा दुबळ्या जागेच्या बाजूला पडला? की अजून थोडा भार हवा आहे, आणि दोन तासांनी तोच उतार स्वतः सुटेल? तोफ याचे उत्तर देत नाही. जाणकार दुसरा गोळा मागतो, शेजारच्या उतारांनी काय केले ते पाहतो, वाऱ्याच्या आणि उष्णतेच्या नोंदी पुन्हा चाळतो. फाटकापाशी शेकडो माणसे वाट पाहत असतात. ‘रस्ता उघडा’ हे दोन शब्द उच्चारणे सोपे नाही. १९१० साली मजुरांना पुन्हा रुळांवर पाठविणाऱ्यांनाही समोरचा डोंगर शांतच वाटला असेल.

या उपायात दोषही आहेत. काही गोळे फुटत नाहीत आणि हिमात तसेच रुतून बसतात. हिम वितळल्यावर ते उघडे पडतात, आणि डोंगरात भटकणाऱ्या एखाद्या माणसाने कुतूहलाने हात लावला तर अनर्थ ओढवू शकतो. त्यामुळे न फुटलेल्या गोळ्यांची नोंद ठेवून उन्हाळ्यात ते शोधून नष्ट करावे लागतात. फुटणाऱ्या गोळ्याचे लोखंडी तुकडे दूरवर उडतात, तोही एक धोका. मोजमापात चूक झाली तर काय घडू शकते, हे २००५ साली युटा राज्यात दिसून आले. हिमलोट पाडण्यासाठी डागलेल्या एका गोळ्यामागे दारू गरजेपेक्षा अधिक भरली गेली. तो डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात एका घराच्या मागील अंगणात जाऊन फुटला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

अशा कारणांमुळे दुसरी साधनेही पुढे आली आहेत. काही ठिकाणी उतारावरच लोखंडी नळ्या कायमच्या बसवितात, त्यांत प्रोपेन वायू आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण सोडतात आणि दूर खोलीत बसून कळ दाबताच स्फोट घडवितात. त्यात गोळाही नाही आणि तुकडेही नाहीत. मात्र नळी ज्या जागी बसविली, तेथेच तिचा उपयोग. तोफेसारखी ती दहा उतारांकडे वळविता येत नाही. हेलिकॉप्टरमधून सुरुंग टाकण्याचीही रीत आहे, परंतु ज्या वादळात त्याची सर्वांत अधिक गरज, त्याच वादळात हेलिकॉप्टर उडू शकत नाही.

भारताच्या उत्तर सीमेवरही हिमलोटांचे संकट मोठे आहे. त्यांच्या अभ्यासासाठी १९६९ साली मनाली येथे एक संस्था स्थापन झाली. २०२० साली ती संरक्षण संशोधनाच्या दुसऱ्या संस्थेत विलीन करण्यात आली. हिमालयातील सैनिकांना आणि प्रवाशांना धोक्याची पूर्वसूचना देण्याचे काम या शास्त्रज्ञांनी चालविले आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिन हिमनदीवरील एका चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि तिच्याखाली दहा सैनिक गाडले गेले. त्यांतील हणमंतप्पा कोप्पद हा जवान सहा दिवसांनी जिवंत सापडला; परंतु रुग्णालयात त्याची प्राणज्योत मालवली. पडलेल्या हिमाचे थर निराळे आणि शतकानुशतकांच्या बर्फाचा कडा निराळा. पहिल्याला गोळ्याचा दणका पुरतो. दुसरा केव्हा तुटेल हे सांगणे फार कठीण असते.

रॉजर्स खिंडीत नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तोफा सज्ज असतात. मारा आटोपला, म्हणजे गोलंदाज रिकामी पितळी नळकांडी गोळा करतात, तोफेवरचे हिम झटकून तिला आच्छादन घालतात. यंत्रे रस्ता मोकळा करीत पुढे सरकतात, फाटक उघडते आणि मालमोटारींची रांग दिवे लावून हळूहळू खिंडीतून जाऊ लागते. वर निरीक्षण केंद्रावर तोवर नवे हिम पडू लागलेले असते, आणि तेथील माणूस मोजपट्टी घेऊन त्याची जाडी मोजावयास बाहेर पडलेला असतो.